नैराश्य व चिंताविकारावरील गोळीची मात्रा : घरातील प्रत्येकासाठी माहितीपाठ

नैराश्य आणि चिंताविकार हे स्वभावदोष नाहीत. ते आजार आहेत आणि त्यांवर उपचार उपलब्ध आहेत. बेंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. दर २० प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याला सामोरे जावे लागते, असे त्यात आढळले. अशा सामान्य मनोविकारांच्या दर १० रुग्णांपैकी ८ हून अधिक जण उपचारांच्या बाहेरच होते, हेही त्यातून दिसून आले.

जे उपचारापर्यंत पोहोचतात, त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो. गोळी सुरू होते, पण तिची मात्रा का बदलते, गुण कधी येतो आणि ती कधी थांबवावी, हे पुरेसे समजलेले नसते. मग कोणी आठवडाभरात कंटाळून गोळी सोडतो, कोणी स्वतःच दोन गोळ्या घेऊ लागतो, तर कोणी बरे वाटताच पाकीट बाजूला ठेवतो. या तीन चुका टाळता याव्यात, यासाठी हा पाठ आहे. येथे उदाहरण म्हणून एस्सिटॅलोप्राम हे नेहमी वापरले जाणारे औषध घेतले आहे. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही. तो सल्ला नीट समजावा आणि पाळता यावा, एवढाच तिचा हेतू आहे.

एक उदाहरण

कल्पना करा, बेळगावची एक २८ वर्षांची तरुणी नोकरीनिमित्त बेंगळुरूत राहते. गेले दोन महिने तिला झोप लागत नाही, कामात मन रमत नाही, छातीत धडधड होते आणि बसमध्ये चढताना जीव घाबरा होतो. तपासणीनंतर डॉक्टर तिला नैराश्य व पॅनिक विकाराचे निदान सांगतात आणि एस्सिटॅलोप्राम सुरू करतात. पहिला आठवडा रोज ५ मिलिग्रॅम व त्यानंतर रोज १० मिलिग्रॅम, असे चिठ्ठीवर लिहिलेले असते. या तरुणीच्या उपचाराच्या वाटेवरूनच पुढील मुद्दे पाहू.

औषध काय करते

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी काही रसायने वापरतात. सेरोटोनिन हे त्यांपैकी एक. निरोप पोहोचल्यावर हे रसायन पुन्हा पेशीत ओढून घेतले जाते. एस्सिटॅलोप्राम ही ओढ रोखते, त्यामुळे सेरोटोनिन अधिक काळ उपलब्ध राहते. हा बदल पहिल्या गोळीपासूनच सुरू होतो. परंतु मनःस्थिती, झोप आणि भीती यांत सुधारणा होण्यासाठी मेंदूला त्या बदलाशी हळूहळू जुळवून घ्यावे लागते. म्हणूनच गुण यायला आठवडे लागतात.

हे औषध शरीरातून सावकाश बाहेर पडते. घेतलेल्या मात्रेपैकी निम्मे औषध कमी व्हायला सुमारे ३० तास लागतात. त्यामुळे दिवसातून एकच गोळी पुरते आणि सुमारे आठवडाभर नियमित घेतल्यावर रक्तातील प्रमाण स्थिर होते. हे प्रमाण स्थिर राखणे हाच रोज ठरावीक वेळी गोळी घेण्यामागचा उद्देश आहे. गोळी जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर, केव्हाही घेता येते. झोप उडत असेल तर सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री घेणे सोयीचे ठरते. मात्र वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मात्रा कशी ठरते

खालील प्रमाण प्रौढांसाठी सर्वसाधारणपणे वापरले जाते. आपल्यासाठी कोणते योग्य, हे तपासणी करणारे डॉक्टरच ठरवतात.

• नैराश्य व सर्वसाधारण चिंताविकार : साधारणतः रोज १० मिलिग्रॅम, एकदा.
• पॅनिक विकार : पहिला आठवडा रोज ५ मिलिग्रॅम, त्यानंतर रोज १० मिलिग्रॅम.
• कमाल मर्यादा : रोज २० मिलिग्रॅम.
• ६५ वर्षांवरील व्यक्ती : सुरुवात ५ मिलिग्रॅमने, सामान्यतः १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक दिले जात नाही.
• यकृताचा आजार असल्यास : पहिले दोन आठवडे ५ मिलिग्रॅम, पुढेही मात्रा कमीच ठेवली जाते.

चिंतेच्या आजारात सुरुवात कमी मात्रेने करण्यास कारण आहे. अशा रुग्णांचे शरीर बारीकसारीक बदलांनीही बिथरते. पहिल्या दिवसांत औषधामुळे अस्वस्थता किंचित वाढू शकते आणि रुग्णाला तो आजाराचाच नवा झटका वाटू शकतो. लहान मात्रेने सुरुवात केली की हा त्रास आटोक्यात राहतो.

शेजाऱ्यांची गोळी २० मिलिग्रॅमची आहे, म्हणून आपली १० मिलिग्रॅमची गोळी कमजोर ठरत नाही. औषध दुप्पट केले म्हणजे परिणामही दुप्पट होतो, असे नाही. परिणामाचा मोठा भाग कमी मात्रेतच साधला जातो. त्यापुढे मात्रा वाढवल्यावर गुण थोडा वाढतो, पण दुष्परिणाम अधिक वाढू शकतात. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर होणारा परिणामही मात्रेबरोबर वाढतो. म्हणून ज्यांना हृदयविकार आहे, किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात कमी वयात अचानक मृत्यू झाला आहे, त्यांनी ही बाब उपचारापूर्वीच सांगावी. गरज वाटल्यास डॉक्टर ईसीजी काढण्यास सांगतात.

पहिले दोन आठवडे : आधी त्रास, मग गुण

या औषधाबाबत घराने सर्वांत आधी लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही की, दुष्परिणाम लवकर जाणवतात आणि गुण उशिरा येतो. पहिल्या काही दिवसांत मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, तोंडाला कोरड, घाम, झोपेत बदल, हातांना सौम्य कंप किंवा अस्वस्थता जाणवू शकते. बहुतेकांना हा त्रास एक-दोन आठवड्यांत कमी होतो. लैंगिक इच्छा किंवा समाधान कमी होण्याचा त्रास मात्र काहींना टिकून राहतो. तो संकोचामुळे सांगितला जात नाही आणि मग गोळी गुपचूप बंद होते. हा औषधाचा परिचित परिणाम आहे. डॉक्टरांना सांगितल्यास त्यावर मार्ग काढता येतो.

आपल्या उदाहरणातील तरुणीला चौथ्या दिवशी मळमळ होते आणि धडधड वाढल्यासारखी वाटते. 'हे औषध मला सोसत नाही,' असे तिच्या मनात येते. तिने दवाखान्यात फोन करून विचारले, हे योग्य झाले. गोळी जेवणानंतर घेण्याचा सल्ला तिला मिळतो आणि १० मिलिग्रॅमकडे जाण्यापूर्वी आणखी काही दिवस ५ मिलिग्रॅमवरच थांबण्यास डॉक्टर सांगतात. मात्रा बदलली, पण ती विचारून बदलली.

याच काळात घरच्यांनी विशेष लक्ष द्यावे. २५ वर्षांखालील रुग्णांमध्ये उपचाराच्या सुरुवातीला किंवा मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते. कोणत्याही वयात अतिशय बेचैनी, सतत येरझारा घालणे, चिडचिड, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे किंवा अचानक निरवानिरवीची भाषा दिसली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. मनात तसे विचार येतात का, हे स्पष्ट व मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. या काळात गोळ्यांचा साठा घरातील जबाबदार व्यक्तीने आपल्याकडे ठेवावा.

झोप फारच कमी होऊनही कमालीचा उत्साह, अखंड बोलणे, वारेमाप खर्च किंवा मोठमोठ्या योजना दिसू लागल्या, तर तो आजार बरा झाल्याचा पुरावा समजू नये. काही रुग्णांमध्ये द्विध्रुवी मनोविकार अशा रीतीने प्रकट होतो आणि तेव्हा औषध बदलावे लागते.

चौथा ते आठवा आठवडा : मात्रेचा आढावा

दोन ते चार आठवड्यांत सुधारणेची पहिली चिन्हे दिसू लागतात. अनेकदा ती रुग्णाआधी घरच्यांना दिसतात : जेवणात थोडी रुची, सकाळी उठण्यात कमी कष्ट, फोनवर दोन वाक्ये अधिक. पूर्ण परिणाम समजण्यासाठी सहा ते आठ आठवडे लागू शकतात. चिंताविकारात याहूनही अधिक काळ लागू शकतो.

चार आठवडे नियमित गोळी घेऊनही काहीच फरक नसेल, किंवा फरक अपुरा असेल, तर डॉक्टर प्रथम गोळी रोज घेतली गेली का, हे विचारतात. सोबत मद्यपान, थायरॉइडचा आजार, दुसरे औषध किंवा घरातील न सुटलेला ताण आहे का, हेही पाहतात. त्यानंतर मात्रा वाढवणे, औषध बदलणे किंवा त्याच्या जोडीला समुपदेशन व मानसोपचार सुरू करणे, यांपैकी योग्य तो निर्णय होतो. म्हणून एकही गोळी चुकली असल्यास ती न लपवता सांगावी. अर्धवट माहितीवर वाढवलेली मात्रा रुग्णालाच भोवते.

यासाठी साधी वही उपयोगी पडते. रोज एका ओळीत तारीख, गोळी घेतली की नाही, झोपेचे तास आणि दिवस कसा गेला, एवढेच लिहावे. भेटीच्या वेळी ही वही सोबत न्यावी.

गोळी चुकली किंवा संपली तर

चुकलेली गोळी त्याच दिवशी झोपण्यापूर्वी आठवली, तर ती घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली, तर चुकलेली सोडून द्यावी व नेहमीच्या वेळी एकच गोळी घ्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत.

बेंगळुरूत राहणारी अनेक मराठी कुटुंबे सणासुदीला बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सोलापूर किंवा पुण्याकडे जातात. प्रवासात गोळ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवाव्यात. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या गोळ्या अधिक घ्याव्यात आणि मूळ चिठ्ठीचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. दुसऱ्या गावी त्याच नावाचे पाकीट मिळेलच असे नाही. अशा वेळी कंपनीचे नाव न पाहता औषधाचे मूळ नाव व मिलिग्रॅमचा आकडा जुळवून पाहावा. जनऔषधी केंद्रांत हे औषध मूळ नावाने, कमी किमतीत मिळते. शहर कायमचे बदलत असल्यास नव्या डॉक्टरांची भेट आधीच ठरवून ठेवावी.

जोडगोळी आणि इतर औषधे

काही रुग्णांना एस्सिटॅलोप्राम व क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी दिली जाते. क्लोनाझेपाम हे भीती व निद्रानाश त्वरित कमी करणारे, परंतु सवय लावू शकणारे औषध आहे. ते सहसा थोड्याच आठवड्यांसाठी दिले जाते. एस्सिटॅलोप्रामचे व्यसन लागत नाही. ही दोन औषधे एकाच गोळीत असल्यास दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, अशी गोळी स्वतःहून वाढवली तर क्लोनाझेपामही नकळत वाढते. दुसरी, ती एकाएकी बंद केली तर दोन्ही औषधे एकदम तुटतात. क्लोनाझेपाम अचानक थांबल्यास तीव्र अस्वस्थता, क्वचित फिट येण्याचाही धोका असतो. आपल्या गोळीत काय आहे, हे पाकीट दाखवून विचारावे. तीच जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने जोडगोळी घेत राहू नये.

पुढील औषधे घेत असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे :

• वेदनाशामक ट्रामाडॉल, अर्धशिशीवरील ट्रिप्टान गटातील औषधे, लिनेझोलिड हे प्रतिजैविक, खोकल्याच्या काही सिरपमधील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, तसेच सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी. यांच्यासोबत सेरोटोनिनचे प्रमाण घातक पातळीपर्यंत वाढू शकते.
• ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन व रक्त पातळ करणारी औषधे. यांच्यासोबत रक्तस्रावाची शक्यता वाढते.
• ॲसिडिटीवरील ओमेप्राझोल. त्यामुळे एस्सिटॅलोप्रामचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.
• नैराश्यावरील मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक गटातील औषधे. ही एस्सिटॅलोप्रामसोबत घेतली जात नाहीत. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना किमान १४ दिवसांचे अंतर राखले जाते.

मद्यपान टाळावे. औषधाचा आपल्यावर कसा परिणाम होतो हे समजेपर्यंत दुचाकी किंवा मोटार चालवू नये.

बरे वाटल्यावर : सर्वांत नाजूक वळण

आपल्या उदाहरणातील तरुणी चार महिन्यांनी गणपतीला बेळगावला जाते. झोप पूर्ववत झाली आहे, बसमधील भीती गेली आहे. पाकीट पाहून आई म्हणते, "अगं, आता तर छान आहेस की. मग या गोळ्या कशाला? सवय लागली म्हणजे?" आईची काळजी खरी आहे आणि तिला उत्तर मिळायला हवे. मुलगी सांगते, "सवय लागत नाही, आई. बरी झाले, ते टिकावं म्हणून अजून काही महिने घ्यायच्या आहेत. थांबवायच्या तेव्हा डॉक्टरच हळूहळू कमी करतील."

हे उत्तर वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे. लक्षणे गेल्यानंतरही सामान्यतः किमान सहा महिने तीच मात्रा चालू ठेवली जाते. चिंताविकारात हा काळ अनेकदा वर्षभराचा असतो. लवकर बंद केल्यास आजार उलटण्याची शक्यता अधिक असते. ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा आले आहे, त्यांना दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ औषध घ्यावे लागू शकते.

थांबवण्याची वेळ आली की मात्रा काही आठवड्यांत, दीर्घकाळ औषध घेतलेल्यांमध्ये काही महिन्यांत, पायरीपायरीने उतरवली जाते. कमी मात्रेतच परिणामाचा मोठा भाग असल्याने शेवटच्या पायऱ्या अधिक लहान ठेवाव्या लागतात. गोळी एकदम तोडल्यास काही दिवसांतच चक्कर, विजेचा सौम्य झटका बसल्यासारखी जाणीव, चिडचिड, रडू येणे किंवा विचित्र स्वप्ने असा त्रास होऊ शकतो. हे व्यसनाचे लक्षण नव्हे. मात्रा फार वेगाने उतरल्याची ती खूण आहे. आजार उलटतो तेव्हा लक्षणे सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू परततात. यातील फरक ओळखण्यासाठी डॉक्टरांची भेट घ्यावी.

विशेष काळजी

ज्येष्ठ व्यक्ती : या औषधामुळे रक्तातील सोडियम कमी होऊ शकते, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास ही शक्यता वाढते. नवा गोंधळ, अशक्तपणा, तोल जाणे किंवा पडणे हे वयाचे लक्षण मानून सोडू नये. रक्ततपासणी करून घ्यावी.

गर्भवती व स्तनदा माता : दिवस राहिल्याचे कळताच घाबरून गोळी बंद करू नये. उपचार न झालेले नैराश्यही आई व बाळ दोघांना अपायकारक असते. स्त्रीरोगतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ या दोघांना कळवून निर्णय घ्यावा.

मधुमेही व्यक्ती : रक्तातील साखरेत बदल होऊ शकतो, तपासणी नियमित करावी.

लहान मुले : मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलांना कधीही देऊ नये. गोळ्या त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात.

त्वरित रुग्णालय गाठावे, जर

• खूप ताप, स्नायूंचा ताठरपणा वा जोरदार थरथर, भरपूर घाम व गोंधळलेली अवस्था एकत्र दिसली;
• बेशुद्धी, फिट, किंवा छातीत अनियमित धडधडीसह भोवळ आली;
• चेहरा वा ओठ सुजले, श्वास घेण्यास त्रास झाला;
• ठरल्यापेक्षा अधिक गोळ्या घेतल्या गेल्या, मग त्रास जाणवत नसला तरी;
• रुग्णाने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा तसा बेत सांगितला.

रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा ११२ क्रमांकावर संपर्क साधावा. रुग्णाला एकटे सोडू नये आणि औषधाचे पाकीट सोबत न्यावे.

मदत कोठे मिळेल

'टेली-मानस' ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य उपलब्ध असून त्यावर मराठीतूनही बोलता येते. निम्हान्स ही या सेवेची शिखर संस्था आहे. बेंगळुरूत होसूर रस्त्यावरील निम्हान्सच्या बाह्यरुग्ण विभागात, तर इतर जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात उपचार मिळतात. या जिल्हा कार्यक्रमाचा पाया निम्हान्सने १९८० च्या दशकात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगातून घातला गेला. साध्या आरोग्य केंद्रातूनही मानसिक आजारावर उपचार होऊ शकतात, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

उजळणी

१. गोळी सुरू करून आठ दिवस झाले, गुण नाही. काय करावे? — गोळी चालू ठेवावी. परिणामास दोन ते चार आठवडे व पूर्ण गुणास त्याहून अधिक काळ लागतो. त्रास असह्य असल्यास फोन करून विचारावे.
२. काल रात्रीची गोळी राहिली. आज दोन घ्याव्यात का? — नाही. नेहमीच्या वेळी एकच घ्यावी.
३. चार महिन्यांत पूर्ण बरे वाटते. बंद करावी का? — स्वतःहून नाही. बरे वाटल्यानंतरचे किमान सहा महिने महत्त्वाचे. त्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू.
४. मैत्रिणीला तीच लक्षणे आहेत. आपली गोळी द्यावी का? — देऊ नये. तिला तपासणीसाठी सोबत न्यावे किंवा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

मात्रा सुरू करणे, वाढवणे, कमी करणे आणि थांबवणे हे चारही निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावेत. रोजची गोळी वेळेवर घेणे, वही लिहिणे आणि त्रास न लपवता सांगणे हा रुग्णाचा वाटा. धीर देणे, लक्ष ठेवणे आणि टोमणे न मारणे हा घराचा वाटा.